आतल्या फोनला नेट नाही

६ फेब्रुवारी, सोमवार

बाहेरच्या मशीनला नेट आहे, आतल्या फोनला नाही! सकाळपासून एवढंच चाललंय. मॅनेजरांचा पुन्हा पुन्हा मेसेज — ‘काय झालं?’ काही झालं नाही हो, तेच तर सांगतेय!

नोकरी नवी, आणि पहिलंच खरं काम. शाळेच्या बसचं अ‍ॅप. बस कुठे पोचली ते आईबापांना नकाशावर दिसतं. मी ते तपासायचं. फोनवर चालणारं अ‍ॅप, पण खऱ्या फोनवर नाही, कंपनीच्या मशीनमध्ये एक फोन बनवलाय त्यावर तपासायचं. सतरा तारखेला शाळावाल्यांना दाखवायचंय. तोवर हा फोन नेटवर आलाच पाहिजे. नाहीतर म्हणतील, ‘आम्ही तुम्हाला कळवतो.’ पुण्यात ‘कळवतो’ म्हणजे काय ते सांगायला नको.

नोकरी गेली तर भाडं कशातून देणार? मग कुठे जायचं? मांजरीला, नवऱ्याकडे? परत गेले तर सर्जेराव मला जिवंत ठेवणार नाही. हे आज पहिल्यांदा लिहून बघितलं. लिहिल्यावर जास्तच खरं वाटतंय. पेनने लिहिलंय, पुसताही येत नाही.

खालून सकीनाखालांची हाक आली, ‘शालू, जेवलीस का?’ हो म्हटलं. नव्हते जेवले.

७ फेब्रुवारी, मंगळवार

मुमताजला फोन लावला. ती कोथरूडच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळते. मी इथे खडकीत, तिच्याच आईच्या, सकीनाखालांच्या, घरात, वरच्या खोलीत. कॉलेजातली ओळख, ती अशी कामाला आली. नोकरी तिने लावली, खोली तिने दिली, सिमकार्ड तिच्या नावावर. माझं स्वतःचं म्हणून काय आहे? चष्मा.

तिला म्हटलं, मठ्ठ माणसाला सांगतात तसं सांग.

‘ऐक. तुझा लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी. खिडकीतून जी मशीन दिसते ती खरी नाही, ती आमच्या सर्व्हरच्या पोटात आहे. आणि तुझा फोन त्या खोट्या मशीनच्या पोटात.’

‘पोटातलं पोट.’

‘करेक्ट. सर्व्हरला पहिलं पोट माहिती आहे. दुसरं माहितीच नाही. म्हणून तुझी मशीन बाहेर जाते आणि फोन आत अडकतो.’

मला ऐकून बरंच वाटलं. कुणाला माहीतच नाही असं आत बसायला मिळणं! पण फोनला बाहेर जायचंय. मला नाही.

टाईप करून मनगट ठणकतंय. डावं. प्लास्टर काढून इतके दिवस झाले तरी.

८ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. दूधवाल्याने फाटक वाजवलं तर मी कॉटखाली! खरंच कॉटखाली. बाहेर येताना डोकं आपटलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

मुमताजने शोधलं. आतला फोन बाहेर काही पाठवताना स्वतःचा पत्ता लावून पाठवतो. सर्व्हर बघतो — हा पत्ता तर मी कुणाला दिलेला नाही. अनोळखी! मग फोनचं सगळं बोलणं उचलून फेकून देतो. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. नुसतं गप्प. म्हणून तर कळत नव्हतं.

दोन रस्ते आहेत म्हणाली. एक, सर्व्हरला सांगायचं की अनोळखी पत्ते चालवून घे. ‘ते मी करणार नाही. उद्या कुणीही घुसेल.’ दुसरा, फोनला सांगायचं की बाबा, स्वतःचं नाव सांगूच नकोस, बाहेरच्या मशीनच्या नावावर बाहेर जा.

‘त्यातला मला अनुभव आहे,’ मी म्हटलं. ‘तुझ्या सिमवर जगतेय.’

हसली नाही. मुमताज असल्या वेळी हसत नाही आणि मला मात्र असल्याच वेळी विनोद सुचतात. भीती वाटली की माझी जीभ सुटते. लग्नाच्या मांडवातसुद्धा सुटली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

फोन चालू केला की आधी खातं मागतो. खातं दिल्याशिवाय नकाशा उघडत नाही. माझं नवीन खातं मुमताजने काढून दिलंय, पासवर्ड गोधडीएवढा, मधे डॉलर आणि काय काय. दर वेळी तो कोण टाकणार? नेट आलं की नाही एवढंच तर बघायचंय. म्हणून मी जुनं खातं टाकते. बोटांना पाठ आहे. ‘जोडणी नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ झालं. कळलं. नेटच नाही तर जाणार कुठे!

जुनं खातं सर्जेरावनेच उघडून दिलेलं. लग्नानंतर हौसेने फोन घेऊन दिला, खातंही स्वतःच काढलं. नंबर त्याचा. पासवर्ड त्याचं नाव आणि लग्नाची तारीख. आमच्या आळीत सगळ्या सुनांचं तसंच होतं. गॅसचा नंबर त्यांचा, बँकेत नंबर त्यांचा, मग फोनला कशाला वेगळा? कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही वाटलं, खोटं कशाला बोलू! तो फोन तिथेच टाकून आले. मुमताज म्हणाली होती, त्यावरून तू कुठे आहेस ते त्याला घरबसल्या दिसत असणार. तेव्हा कळलं, मी भाजीला गेले तरी त्याला कसं समजायचं ते.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

बाजारात गेले होते. खालांनी सुई-दोरा सांगितला होता आणि मलाच उगाच वाटलं की आता जमेल. चौकात पांढरी मोठी गाडी, मागच्या काचेवर सोनेरी अक्षरं, अगदी सर्जेरावच्या गाडीसारखी. समोर बांगडीवाल्याचं दुकान होतं, सरळ आत घुसले, गल्ल्याच्या मागे. तो म्हणाला, ‘ताई, माप इकडून घेतो आपण.’

गाडीत वऱ्हाड होतं. नवरदेव झोपलेला. हिरव्या बांगड्या घेऊन घरी आले. सुई-दोरा राहिला.

माणसं विचारतील, पुण्यातच का राहिलीस? मांजरी त्या टोकाला, खडकी या टोकाला, गाव एकच. पण सर्जेराव मला नागपूरला शोधतोय, भावाकडे. भावाने त्याला चहा पाजला असेल. मला म्हणाला होता, ‘थोडं जुळवून घे.’ मोडलेलं मनगट जुळलं, बाकीचं नाही जुळलं.

आमचा ऊस गेला, त्यावर बिल्डिंगा आल्या, पैसे आले, गाडी आली. गाडीबरोबर चार पोरंही आली मागेपुढे करायला. पेट्रोल पंपावर, टेंपो स्टँडवर सगळीकडे त्याची माणसं. पुण्यात नाही असं त्याला वाटतंय तोवरच मी पुण्यात आहे.

आणि मथुराबाई. माझ्या सासूबाई. मी निघाले त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात मिक्सर लावून बसल्या होत्या. पाठ माझ्याकडे. मी हातात चप्पल घेऊन मागच्या अंगणातून गेले, फाटक कुरकुरलं, आणि त्या वळल्या नाहीत. इतकी वर्षं वळल्याच नाहीत कधी. माझा हात पिरगळला तेव्हा चुलीपुढे होत्या, तिथेच राहिल्या. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं असणार त्याला, दुपारपासून दिसत नाही म्हणून. त्यांचा राग सर्जेरावपेक्षा जास्त येतो. का, ते माहीत नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

थोडं पुढे! फोन आता बाहेरच्याच्या नावावर जातोय. आकड्याने हाक मारली तर बाहेरून उत्तर येतं, नावाने मारली तर नाही. मुमताज म्हणाली, ‘रस्ता उघडला. आता नावावरून पत्ता सांगणारा कुणीतरी पाहिजे त्याला. तो सोमवारी देते.’

शाळावाल्यांच्या कोण बाई येणार आहेत, फार कडक आहेत म्हणे. येऊ देत. मी कडक माणसं पाहिलेली आहेत.

दादामियाँनी फाटकाला घुंगरू बांधलं. खालांचे यजमान. दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेत. म्हणाले, ‘सारी उम्र दारूगोळ्यात काढली बेटा, एक काडी पेटू दिली नाही. तुझ्या नवऱ्याचं काय घेऊन बसलीस.’ मला रडू आलं आणि त्यांना वाटलं घुंगरू आवडलं नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आलं! नेट आलं!

मुमताजने तिकडून काहीतरी दोन आकडे बदलले. ‘बघ आता.’ मी नेहमीसारखं ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबलं. चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि नकाशा उघडला. रंगीत, सगळा! आमची शाळेची बस कुठे? अमेरिकेत! समुद्राच्या बाजूला, मोठ्या हायवेवर पिवळी बस ऐटीत उभी. मी इतकी हसले की खाला वर बघायला आल्या. मुमताज म्हणाली, ‘त्या फोनला जागा कुणी सांगितली नाही की तो स्वतःला तिथेच समजतो. बनवणाऱ्यांनी तसंच ठेवलंय. कोथरूडचे अक्षांश-रेखांशाचे आकडे घाल, येईल पुण्यात.’

मी खालांना सांगत होते, बघा, बस अमेरिकेला गेली! आणि खाला म्हणाल्या, ‘हा फोटो तुझा का गं? किती बारीक होतीस.’

वर कोपऱ्यात. एवढासा गोल. मुंडावळ्या बांधलेली मी.

जुनं खातं. ‘पुन्हा प्रयत्न करा’ मी जुन्या खात्यावर दाबलं होतं. या वेळी प्रयत्न झाला.

तोच दिवस, दुपारी

मशीन तशीच बंद केली. लॅपटॉपवर उशी ठेवली. उशीने काय होणार आहे!

मुमताज फोनवर एकदाही ओरडली नाही, म्हणजे फार वाईट झालंय. म्हणाली, ‘नवीन फोनवर खातं उघडलं की जुन्या फोनवर निरोप जातो. गेला असणार. कुठलं गाव दाखवलं असेल ते मला नक्की सांगता येत नाही. पुणे असेलही.’

‘परत नाही घेता येत?’

‘नाही गं.’

पासवर्ड बदलू म्हटलं, तर त्याचा कोड त्याच्याच नंबरवर जातो. दार माझं, कडी त्याच्या बाजूने!

आठवडाभर मी एकच देवाला मागत होते — फोनला बाहेर जाऊ दे. गेला. सरळ घरी गेला.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर वाचता येणार नाही. नको येऊ दे.

खातं काढून टाकायचं म्हणून सकाळी फोन चालू केला. काढायला चालू करावाच लागतो. नेटसुद्धा लागतं. अजून नकाशाही उघडला नव्हता आणि तो वाजायला लागला! मोठ्याने, पूर्ण आवाजात. नंबर नाही, नाव नाही, कुणाचा कॉल नाही, नुसतं वाजतंय. जो फोन नाहीच, ज्याला तारही नाही आणि काचही नाही, तो माझ्या लॅपटॉपमधून केकाटतोय!

मला कळलंच नाही काय करायचं. कानावर हात ठेवून बसले. खाला धावत वर आल्या, त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. लॅपटॉपला बॅटरी आहे, तो वाजतच राहिला. मग मीच बाहेरच्या मशीनमध्ये जाऊन फोनचं नेट तोडलं. दोन बटणं. थांबला.

मुमताज म्हणाली, ‘हरवलेला फोन शोधायला तसं वाजवता येतं. दुसऱ्या फोनवरून. कोचात बिचात पडला असेल तर सापडावा म्हणून.’

म्हणजे कुणीतरी तिकडे बसून बोटाने दाबलं. कुणी, ते काय विचारायचं! त्याला वाटलं असेल, वाजला की मी जिथे असेन तिथे दचकेन. बरोबर वाटलं त्याला.

नेट तोडल्यावर खातं काढायला गेले. ‘जोडणी नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

१५ फेब्रुवारी, बुधवार

खिडकी उघडली नाही. कामाला नवीन फोन मुमताजने बनवून दिला, जुना त्याच्या बाजूला बंद पडलाय. ‘बंद आहे तोवर मेलेलाच आहे,’ म्हणते. मला तसं वाटत नाही. स्क्रीनवर त्याच्या नावाची ओळ दिसते, तिच्यावरून बाणसुद्धा नेत नाही मी.

घुंगरू वाजलं की दाराला कडी घालते. मांजर होतं. पोस्टमन होता. दादामियाँ स्वतः होते. पुन्हा मांजर.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन फोनमध्ये कोथरूडचे आकडे घातले. बस पौड रोडवरून चालली. छान चालते, सिग्नल नाही, खड्डे नाहीत.

काही झालं नाही आज. हेच जास्त वाईट. तो येणार असेल तर यावा असंही मनात आलं. लगेच म्हटलं, नको नको नको. देवा, मी बोललेच नाही असं समज.

खालांना म्हटलं, मी दुसरीकडे बघते जागा. तुम्हाला उगाच माझ्यामुळे त्रास नको. त्यांनी भाजी चिरता चिरता वर न बघता विचारलं, ‘भाडं वाढवलं का मी?’

‘नाही.’

‘मग बस की गुमान.’

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी डेमो झाला. शाळेच्या बाई कडक वगैरे नव्हत्या, त्यांना फक्त बस लाल पाहिजे होती. मॅनेजर म्हणाले, ‘ठीक.’ पुण्यात हे शाल-श्रीफळ आहे. नोकरी राहिली. मला आनंद व्हायला हवा होता आणि मी बंद फोनच्या ओळीकडे बघत बसले.

शेवटी खालांना हाक मारली. म्हटलं, मला हे खातं काढून टाकायचंय, पण नेट दिलं की तो वाजेल. तुम्ही नुसत्या बाजूला बसा. त्या तसबीची माळ घेऊन बसल्या. मी नेट जोडलं.

वाजला नाही.

खातं काढायच्या पानावर पोचले होते, तेवढ्यात खाली सूचना आली, नवीन व्हिडिओ आलाय म्हणून. त्या जुन्या फोनवर काही काढलं की ते आपोआप खात्यात येतं, आणि खातं जिथे उघडं असेल तिथे दिसतं. कालची तारीख. चौकोनात काहीच नाही, नुसता लालसर अंधार.

मी म्हटलं, बघायचं नाही. धमकी असणार. किंवा काहीतरी दाखवलं असणार. त्याने एकदा माझ्या साड्या जाळताना काढला होता व्हिडिओ, मजा म्हणून. खाला म्हणाल्या, ‘बघू नकोस. ऐक. डोळे मी मिटते, तू पण मीट.’ दोघी डोळे मिटून बसलो. आता लिहिताना हसू येतंय, तेव्हा नव्हतं आलं.

आधी नुसती खरखर. मग बाईचा आवाज. मथुराबाई!

‘शालू… ह्ये लाल दाबलंया. तूच शिकीवलं हुतंस, हितं काढलं की तिकडं दिसतंय म्हनून. दिसतंय का न्हाई, देव जानं. ह्यो फोन माज्याकडंच असतुया, भजनं ऐकाया दिलाय मला. सोमवारी टुंगकन वाजला, मला वाचता येईना, म्या सर्जाला दिला वाचाया. माजंच चुकलं बाय. त्येनं नकाशा बघितला. तू अमेरिकेला हाईस म्हनं. लई आरडाओरडा केला, वाजीव वाजीव वाजीवला. आता मुंबैला गेलाय, कुना एजंटाकडं, तितनं मानूस हुडकून आनत्यात का इचाराया.’

मी डोळे उघडले. स्क्रीनवर अंगठाच होता नुसता, काचेवर दाबलेला, डावा. कडेने थोडं छप्पर दिसत होतं, तेही हलत होतं.

‘म्या त्याला म्हनले न्हाई, पर तुजा पासपोर्ट माज्या लुगड्याच्या घडीत हाय. पासपोर्टाबिगर अमेरिकेला कसं जात्यात? जवळच हाईस कुटंतरी. ऐक. तू गेलीस त्या दिशी मिक्सर रिकामाच फिरत हुता. भांड्यात कायबी नव्हतं. त्यो वसरीवर निजला हुता आन् फाटक वाजतंया आपलं. म्हनून लावला. तू गल्लीच्या टोकाला जाईस्तवर लावला, जळाया आला हुता. …आता मलाबी हितं ऱ्हायाचं न्हाई. कुटं हाईस? न्हे मला.’

मग अंगठा हलला, छप्पर दिसलं, आणि संपलं.

खाला डोळे मिटूनच म्हणाल्या, ‘पुन्हा लाव.’

मी पुन्हा लावला. मिक्सर. मी रस्त्यावर आले तरी ऐकू येत होता. मी शिव्या देत चालत होते — सुनेचा जीव चाललाय आणि ही बाई चटणी वाटतेय!

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज महाशिवरात्र. उपवास धरला नव्हता पण काही गेलंच नाही पोटात, म्हणजे घडलाच.

सापळा असेल तर? तो बाजूला उभा राहून बोलून घेत असेल तर? मुमताज सकाळीच आली, तिघींनी व्हिडिओ इतक्या वेळा ऐकला की मला पाठ झाला. मुमताज म्हणते पाठीमागे दार वाजल्यासारखं येतंय. खाला म्हणतात कोंबडी आहे. मला एकदा पाऊल वाटतं, एकदा कोंबडी.

‘लॉजिकली बघ,’ मुमताज म्हणाली. ‘पासपोर्टचं कळलं असतं तर तो मुंबईला गेलाच नसता. अमेरिकेवर त्याचा विश्वास बसलाय.’

‘पण तो गेलाय हे तरी त्याच सांगतायत!’

‘हो. ते आहेच.’

तिला खोटा धीर देता येत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

मिक्सरचं मात्र त्याला सांगता आलं नसतं. तो झोपला होता. रिकामा होता हे फक्त ज्याने लावला त्यालाच माहीत. एवढ्या एकाच गोष्टीला मी धरून बसलेय. रिकाम्या मिक्सरवर सगळं आयुष्य!

उत्तर द्यायचं तर रस्ता तोच. इथे काढलं की तिकडे दिसतं. मुमताज म्हणाली, एकदा पाठवलंस की मागे घेता येणार नाही, ते तुला माहितीच आहे. माहिती आहे. लॅपटॉपचा माइक बाहेरच्या मशीनला दिला, तिच्यातून आतल्या फोनला. आता सगळं कसं शहाण्यासारखं जोडलं गेलं! अडायचं असतं तेव्हा अडत नाही.

स्वतःच्या आवाजात सांगितलं. ‘आई, उद्या दुपारी खडकी स्टेशनला उतरा. मांजरीहून पुणे, तिथून लोणावळ्याची गाडी. एकट्या या. काळ्या बुरख्यातल्या बाई हातात हिरव्या बांगड्या घेऊन उभ्या असतील, त्यांच्याबरोबर या.’

माझा जाण्याचा प्रश्नच नव्हता. खाला म्हणाल्या, ‘मला कोण ओळखतं? आणि तो आलाच तर मी म्हातारी बांगड्या विकतेय.’ दादामियाँ दुसऱ्या फलाटावर पेपर घेऊन बसणार आहेत. घुंगरू बांधलं तेव्हा नुसतं रडू आलं होतं, आज दोघांच्या पाया पडावंसं वाटतंय.

पाठवला. चक्र फिरलं. गेला.

आता तो फोन ज्याच्या हातात असेल त्याला माझं गाव, स्टेशन, वेळ सगळं माहीत आहे. मथुराबाईंच्या हातात असेल तर मथुराबाईंना. नसेल तर — लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

घुंगरू वाजलं. पडद्याआडून बघितलं. पुढे खाला, मागे आई. एकट्याच. डाव्या हातात पिशवी, उजवा प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

‘आई, हाताला काय झालं?’

‘अमेरिका,’ म्हणाल्या. ‘सर्जा म्हनला, येवढ्या लांब तुज्याबिगर कोन धाडनार तिला.’

मग पिशवी खाली ठेवली, माझं डावं मनगट धरलं, उलटंसुलटं करून बघितलं. ‘नीट जुळलंय,’ म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर बसल्या.